बाळू पालवणकर : मैदानापासून मतपेटीपर्यंत

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला,
• बाळू पालवणकर यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे क्रमाने सांगता येतील.
• विसाव्या शतकाच्या आरंभीचे क्रिकेट आणि तत्कालीन जातिव्यवस्था यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• पुणे करार व १९३७ ची निवडणूक यांमधील पालवणकरांची भूमिका विशद करता येईल.
• एखाद्या व्यक्तीच्या यशापयशाकडे चरित्रात्मक लेखनाने कसे पाहावे, याचा विचार करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, यापूर्वीच्या घटकांमध्ये आपण चरित्र या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप समजून घेतले. चरित्रनायकाच्या आयुष्यातील घटना, त्याचा काळ आणि त्याने घेतलेले निर्णय यांची सांगड चरित्रकाराला घालावी लागते, हे आपण पाहिले. या घटकात एका चरित्राचा प्रत्यक्ष परिचय करून घ्यावयाचा आहे. चरित्रनायक आहेत बाळू पालवणकर. भारतातील पहिल्या पिढीच्या श्रेष्ठ गोलंदाजांमध्ये त्यांची गणना होते. पुढे ते राजकारणात आले आणि १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले.

तुम्ही हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा येथे राहत असा किंवा राज्यातील अन्य एखाद्या गावी. सुगी आटोपल्यावर माळावर भरणारे क्रिकेटचे सामने तुमच्या परिचयाचे असतील. तेथे संघ निवडताना चांगला गोलंदाज कोण, हे सर्वांना ठाऊक असते आणि त्याला कोणी वगळत नाही. परंतु सामना संपल्यावर कोण कोणाच्या घरी चहाला जातो, संघाचा कर्णधार कोण ठरवतो, वर्गणीचा हिशेब कोणाच्या हाती असतो, हे प्रश्न निराळे आहेत. गुण मान्य होणे आणि माणूस बरोबरीचा मानला जाणे या दोन गोष्टींत अंतर असते. पालवणकरांचे सारे आयुष्य या अंतरात गेले. त्यांचे चरित्र वाचताना हे सूत्र ध्यानात ठेवा.

विषय-विवेचन

१. छावणीतील बालपण

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातील पालवण या गावचे. गावावरूनच पालवणकर हे आडनाव आले. त्यांचा जन्म चर्मकार समाजात झाला होता आणि त्या काळी हा समाज अस्पृश्य मानला जात असे. वडील लष्कराच्या नोकरीत होते. त्यामुळे बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांचे बालपण पुण्यातील लष्करी वस्तीच्या परिसरात गेले.

येथे एक संदर्भ लक्षात घ्या. ब्रिटिशांच्या लष्करी छावण्या देशभर पसरलेल्या होत्या. आपल्या मराठवाड्यात हिंगोली येथेही हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. छावणी म्हटली की मोकळे मैदान आले, अधिकाऱ्यांचा क्लब आला आणि त्यांच्या सरावासाठी राबणारी एतद्देशीय माणसेही आली. ज्या समाजांना शाळेचे आणि देवळाचे दार बंद होते, त्यांतील काही कुटुंबांना लष्कराच्या नोकरीमुळे गावकीबाहेर पाऊल टाकता आले. अधिकाऱ्यांनी वापरून टाकलेली बॅट आणि चेंडू घेऊन पालवणकर बंधू क्रिकेट शिकले, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

२. चार रुपयांची नोकरी

मुंबई इलाख्यात एतद्देशीयांपैकी पारशी समाजाने क्रिकेट सर्वांत आधी आत्मसात केले. पुण्यातील एका पारशी क्लबात बाळूंना पहिली नोकरी मिळाली. खेळपट्टीची निगा राखणे आणि अधूनमधून सभासदांना गोलंदाजी करणे, हे त्यांचे काम होते. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले. तेथे महिना चार रुपये मिळू लागले. रोलर फिरवणे, खेळपट्टी आखणे, सरावासाठी जाळी उभारणे, प्रसंगी टेनिसच्या मैदानाची व्यवस्था पाहणे, अशी कामे त्यांच्याकडे होती.

क्लबातील एका सभासदाने त्यांना सरावाच्या जाळीत चेंडू टाकायला लावले आणि त्यांची गुणवत्ता सर्वांच्या ध्यानात आली. बाळू डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज होते. एकाच पद्धतीने हात फिरवून चेंडूचा वेग, टप्पा आणि वळण बदलत राहणे, ही त्यांची हातोटी होती. पूना क्लबातील नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग हे इतर सभासद येण्यापूर्वीच मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचे त्यांनी कबूल केले होते, अशी आख्यायिका आहे. आठवड्यातून दोनदा जरी ग्रेग बाद झाले, तरी महिन्याच्या पगाराइतकी रक्कम बाळूंच्या हाती पडली असती!

या नोकरीत बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली; मात्र तेथे त्यांना कोणी फलंदाजी करू दिली नाही. त्या काळच्या समजुतीप्रमाणे फलंदाजी ही साहेबाची आणि गोलंदाजी ही राबणाऱ्याची. खेळातसुद्धा श्रमाची वाटणी कशी झाली होती, याचे हे बोलके उदाहरण आहे.

३. पुणेकर हिंदूंचा संघ आणि मातीचे भांडे

पुण्यातील हिंदू खेळाडूंच्या क्लबाला पूना क्लबाच्या युरोपियनांना हरवावयाचे होते. ज्या गोलंदाजाला सामोरे जाण्याचा सराव युरोपियन रोज करीत होते, तो गोलंदाज शहरातच होता. पण त्याला संघात घ्यायचे तर एका चर्मकाराबरोबर खेळावे लागणार होते. क्लबात मोठा वाद झाला. ग्रेग यांनी वृत्तपत्रातून मत व्यक्त केले की, बाळूंना वगळणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. अखेर जिंकण्याच्या इच्छेने सोवळ्यावर मात केली आणि बाळू संघात आले.

ही मात कोठपर्यंत होती, ते पाहा. मैदानावर सर्वजण एकच चेंडू हाताळीत. चहापानाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, वापरून टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. त्यांना हातपाय धुवायचे झाल्यास अस्पृश्य गणला गेलेला एखादा नोकर पाणी आणून देई. जेवणाची पंगतही वेगळीच असे. चामड्याचा तो चेंडू बाळूंच्या हातून घेताना ज्यांना विटाळ होत नव्हता, त्यांना बाळूंच्या शेजारी बसून चहा पिताना मात्र होत होता.

बाळूंच्या गोलंदाजीच्या बळावर या संघाने विजय मिळवले. साताऱ्याला तेथील युरोपियनांच्या जिमखान्यावर झालेला विजय विशेष गाजला. पुण्यात परतल्यावर बाळूंचा जाहीर सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा गौरव केला. जो आपल्याबरोबर खेळतो त्याने आपल्या पंगतीत का बसू नये, असा प्रश्न रानडे यांनी त्या निमित्ताने श्रोत्यांपुढे ठेवला, असे सांगितले जाते. लोकमान्य टिळकांनीही त्यांना हार घातल्याचा उल्लेख आढळतो. सुधारक आणि राष्ट्रवादी या दोन्ही पक्षांच्या अग्रणींनी एका अस्पृश्य खेळाडूचा सत्कार करावा, ही घटना लहान नव्हती. मात्र सत्काराच्या हारामुळे पंगतीची रेषा पुसली गेली नाही, हेही तितकेच खरे.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
बाळूंना संघात घेण्यामागे पुण्यातील हिंदू क्लबाचा कोणता हेतू होता? त्या हेतूमुळे सामाजिक वागणुकीत कोणता बदल झाला आणि कोणता झाला नाही?

४. मुंबई आणि १९०६ चा सामना

एकोणिसावे शतक संपत असताना बाळू मुंबईला आले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांचा समावेश झाला. काही सभासदांचा विरोध होता. परंतु संघाचे कर्णधार कीर्तिकर यांनी बाळूंच्या बाजूने आपले वजन खर्च केले. पुढे बाळूंना बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले. गावकीत जातीवरून मिळणारे काम आणि महानगरातील पगारी नोकरी यांतला फरक या टप्प्यावर विशेष जाणवतो.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. काळ कोणता होता, ते आठवा. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली होती आणि स्वदेशीची चळवळ जोरात होती. त्याच वर्षी जपानने रशियाचा पराभव केला होता. अशा वातावरणात हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या. युरोपियनांच्या १९१ धावा झाल्या. दुसऱ्या डावात हिंदूंनी १६० धावा केल्या. युरोपियनांना विजयासाठी २१२ धावा हव्या होत्या. त्यांचा डाव १०२ धावांत आटोपला. १०९ धावांनी झालेल्या या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोलाचा वाटा होता. शिवराम पालवणकरही या संघात होते. पुढच्या वर्षी हिंदूंनी पुन्हा विजय मिळवला.

मुंबईतील विजयाला आणखी एक बाजू होती. पुण्यात ज्यांना बाहेर चहा मिळत होता, त्या बाळूंना मुंबईच्या हिंदू जिमखान्यात इतर खेळाडूंबरोबर आत बसून खाण्यापिण्याची मोकळीक मिळाली होती. त्या काळच्या सुधारणावादी वृत्तपत्राने धावसंख्येइतकेच या गोष्टीला महत्त्व दिले. पुणे ते मुंबई या प्रवासात रेषा थोडी मागे सरकली होती. संपर्काने आणि कर्तृत्वाने माणसांची मने बदलू शकतात, असे बाळूंना आयुष्यभर वाटत राहिले असेल, तर त्याची मुळे या अनुभवात शोधता येतात.

५. १९११ चा इंग्लंड दौरा

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. यात पारशी, हिंदू आणि मुसलमान अशा तिन्ही समाजांतील खेळाडू होते. एकाच संघात महाराज आणि चर्मकार होते, हे त्या काळी अपूर्वच म्हणावे लागेल. संघाची कामगिरी सुमार राहिली. महाराजांचे लक्ष दरबारी भेटीगाठींकडे अधिक होते. बाळूंचा खांदा दुखत होता. तरीही संपूर्ण दौऱ्यात त्यांनी ११४ बळी मिळवले. प्रत्येक बळीमागे सरासरी १८.८४ धावा पडल्या. त्या वेळी त्यांचे वय ३५ वर्षे होते.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातील मानपत्र तयार करणारा तरुण होता भीमराव रामजी आंबेडकर. तेव्हा आंबेडकर वीस वर्षांचे असून एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत होते. ज्या समाजाला अभिमानाने नाव घ्यावे अशी सार्वजनिक क्षेत्रातील माणसे फार थोडी होती, त्या समाजाच्या तरुणांना बाळू हे आपले नायक वाटणे स्वाभाविक होते. हा प्रसंग ध्यानात ठेवा; सव्वीस वर्षांनी हीच दोन नावे मतपत्रिकेवर समोरासमोर आली.

बाळूंच्या प्रथम श्रेणीच्या कारकिर्दीचा हिशेब असा आहे : ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्सवर खेळला, तेव्हा बाळूंचे वय ५६ होते. कसोटी खेळाडू म्हणून त्यांचे नाव कोठेही लागत नाही आणि पुढील पिढ्यांना त्यांचे विस्मरण होण्याचे हे एक कारण आहे.

६. कर्णधारपदाचा प्रश्न

मुंबईच्या स्पर्धेत सुरुवातीला युरोपियन व पारशी यांचे सामने होत. नंतर हिंदू आणि १९१२ पासून मुसलमान संघ आल्यावर ती चौरंगी झाली. या काळात बाळू हे हिंदू संघातील सर्वांत ज्येष्ठ आणि अनुभवी खेळाडू होते. शिवराम यांच्यानंतर गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन बंधूही संघात आले. चौघे बंधू हिंदूंसाठी खेळले. पण दर वर्षी कर्णधार निवडण्याची वेळ आली की बाळूंचे नाव मागे पडे. कर्णधारपद एम. डी. पै यांच्याकडे राही. पै यांनी स्वतः एका सत्कार समारंभात जाहीरपणे सांगितले की, हा मान ज्येष्ठ या नात्याने बाळूंना मिळावयास हवा होता.

गोलंदाज म्हणून बाळू हवे होते. त्यांच्या हुकुमाने इतरांनी क्षेत्ररक्षणाच्या जागा घ्यायच्या, हे मात्र निवड करणाऱ्यांच्या पचनी पडत नव्हते. चहाच्या पंगतीचा प्रश्न सुटला, तरी अधिकाराचा प्रश्न शिल्लक होता.

१९२० साली हा प्रश्न ऐरणीवर आला. पै आजारी होते. मुसलमान संघाविरुद्धच्या सामन्यासाठी दि. ब. देवधर यांची कर्णधार म्हणून नेमणूक झाली आणि बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून आपली नावे काढून घेतली आणि जातीच्या कारणावरून हा अन्याय झाल्याचे जाहीर निवेदन प्रसिद्ध केले. वृत्तपत्रांतून चर्चा झाली. गांधीजींची अस्पृश्यताविरोधी भूमिका याच सुमारास लोकांपर्यंत पोहोचत होती, हेही लक्षात घ्यावयास हवे. अंतिम सामन्यासाठी पै परतले, पालवणकर बंधूंना पुन्हा संघात घेण्यात आले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. सामना चालू असताना पै काही काळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. वयाच्या पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या खेळाडूच्या वाट्याला आलेले कर्णधारपद ते एवढेच. त्यानंतर त्यांची कारकीर्द संपली.

१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि अंतिम सामन्यात हिंदूंनी युरोपियनांना हरवले. थोरल्या भावाला नाकारलेला मान धाकट्याला मिळाला. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. पालवणकर कुटुंबाकडे वळणाऱ्या अभ्यासकाला हा ग्रंथ टाळता येत नाही. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनीही २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतीय क्रिकेटच्या इतिहासात बाळूंना मध्यवर्ती स्थान दिले. त्यानंतर त्यांचे नाव नव्या वाचकांपर्यंत पोहोचले.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
१९२० साली विठ्ठल व शिवराम यांनी घेतलेला निर्णय आणि बाळूंना पूर्वी मिळालेला सहभोजनाचा मान यांचा परस्परसंबंध चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.

७. राजकारणात प्रवेश आणि पुणे करार

क्रिकेट सुटले, पण बाळूंची लोकप्रियता कायम होती. अस्पृश्य समाजाच्या सार्वजनिक जीवनात त्यांच्या नावाला वजन होते. १९३० नंतर या समाजापुढे एक मूलगामी प्रश्न उभा राहिला. येऊ घातलेल्या राज्यघटनेत अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी निवडावेत? डॉ. आंबेडकर यांनी गोलमेज परिषदेत स्वतंत्र मतदारसंघाची मागणी केली होती. म्हणजे अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्य मतदारच निवडतील. मद्रासचे एम. सी. राजा यांच्यासारखे नेते संयुक्त मतदारसंघ आणि त्यात राखीव जागा, या व्यवस्थेकडे वळले होते. बाळू पालवणकर राजा यांच्या बाजूला होते. हिंदू समाजापासून राजकीयदृष्ट्या वेगळे होणे त्यांना मान्य नव्हते.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर करून अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबर रोजी येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभले. वाटाघाटींची धावपळ झाली आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्यांच्या बदल्यात प्रांतिक विधिमंडळांत अस्पृश्यांना १४८ राखीव जागा मिळाल्या. करारावर सही करणाऱ्यांमध्ये डॉ. आंबेडकरांबरोबर बाळू पालवणकरांचेही नाव आहे. एकाने ती सही गांधीजींच्या प्राणांचे ओझे वागवीत केली. दुसऱ्याला करारातील तत्त्व मुळातच मान्य होते.

ज्या वर्षी भारताचा संघ पहिला कसोटी सामना खेळला, त्याच वर्षी भारतातील पहिल्या पिढीच्या या गोलंदाजाने देशाच्या राजकारणातील एका निर्णायक दस्तऐवजावर सही केली. दोन्ही घटनांमध्ये केवळ तीन महिन्यांचे अंतर आहे.

यानंतर बाळूंनी हिंदू महासभेच्या वतीने मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली. तीत त्यांचा पराभव झाला. ऑक्टोबर १९३५ मध्ये डॉ. आंबेडकर यांनी येवल्याच्या परिषदेत धर्मांतराचा निर्धार जाहीर केला. बाळूंनी त्याला विरोध दर्शवला. दोघांच्या वाटा आता स्पष्टपणे वेगळ्या झाल्या होत्या.

८. १९३७ ची निवडणूक

१९३५ च्या कायद्यानुसार १९३७ च्या आरंभी प्रांतिक विधिमंडळांच्या निवडणुका झाल्या. येथे मराठवाड्यातील विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आजचा हिंगोली जिल्हा ज्या प्रदेशात आहे, तो तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे या निवडणुकीत तेथील लोकांना मतदानाचा प्रश्नच नव्हता. ही निवडणूक मुंबई इलाख्याची होती.

डॉ. आंबेडकर यांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता आणि मुंबईतील राखीव जागेसाठी ते स्वतः उभे होते. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने बाळू पालवणकरांना उमेदवारी दिली. अस्पृश्य समाजातील, सर्व हिंदूंना परिचित आणि कोणाशी वैर नसलेला असा हा उमेदवार होता. काँग्रेसच्या दृष्टीने याहून सोयीची निवड दुसरी नव्हती. मानपत्र देणारा तरुण आता समाजाचा सर्वमान्य नेता झाला होता आणि ज्यांना मानपत्र मिळाले ते त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी म्हणून उभे होते.

निकाल लागला तेव्हा आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. २,०२० मतांनी आंबेडकर विजयी झाले. काँग्रेससारखा बलाढ्य पक्ष विरोधात असताना मिळालेल्या या विजयाचे मोल मोठे होते. त्याच वेळी, एका जगप्रसिद्ध विद्वान नेत्यासमोर बाळूंना मिळालेली अकरा हजारांहून अधिक मते त्यांच्याविषयीचा लोकांचा आदरही दाखवतात.

या निवडणुकीतील एक बारकावा चरित्राच्या अभ्यासकाने सोडू नये. ही लढत पुणे करारातून आलेल्या संयुक्त मतदारसंघात झाली. म्हणजे ज्या व्यवस्थेचा पुरस्कार बाळूंनी केला होता आणि आंबेडकरांनी जी अनिच्छेने स्वीकारली होती, त्याच व्यवस्थेत बाळू हरले आणि आंबेडकर जिंकले. मात्र संयुक्त मतदारसंघात सवर्णांच्या मतांनी पक्षाच्या सोयीचा उमेदवार निवडून येईल, अशी जी भीती आंबेडकरांना वाटत होती, ती निराधार होती असे या एका निकालावरून म्हणता येणार नाही. काँग्रेसने त्यांच्यासमोर बाळूंनाच उभे केले, यात त्या भीतीचे कारणही दिसते.

९. दोन उत्तरे

आता आपण मूळ सूत्राकडे येऊ. गुण मान्य होणे आणि माणूस बरोबरीचा मानला जाणे यांतील अंतर कसे मिटेल? पालवणकरांच्या आयुष्यातून एक उत्तर मिळते : सहवासाने, कर्तृत्वाने, हळूहळू. पुण्याच्या मातीच्या भांड्यापासून मुंबईच्या जिमखान्यातील टेबलापर्यंत आणि तेथून विठ्ठल यांच्या कर्णधारपदापर्यंतचा प्रवास त्यांनी स्वतः पाहिला होता. ज्याने हे डोळ्यांनी पाहिले, त्याने हिंदू समाजाच्या मनःपरिवर्तनावर विश्वास ठेवला, तर त्याला भोळा म्हणून बाजूला सारता येणार नाही.

आंबेडकरांचे उत्तर वेगळे होते. बरोबरी ही दुसऱ्याच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून असू नये. ती कायद्याने आणि राजकीय सत्तेने हक्क म्हणून मिळाली पाहिजे, असे ते मानत. बाळूंचेच आयुष्य या उत्तराच्याही बाजूने साक्ष देते. शेकडो बळी घेणाऱ्या गोलंदाजाला कर्णधारपदासाठी दहा वर्षे ताटकळावे लागले आणि तरीही ते मिळाले नाही. १९२० मध्ये जे थोडे मिळाले, तेही सहवासाने मिळाले नव्हते. भावांनी संघावर बहिष्कार टाकल्यावर मिळाले. विनंतीने जे दहा वर्षांत झाले नाही, ते निषेधाने काही दिवसांत झाले.

एकाच चरित्रातून दोन परस्परविरोधी निष्कर्ष निघतात, तेव्हा चरित्रकाराने घाई करू नये. १९३७ चा निकाल पाहून बाळूंना आंबेडकरांचा विरोधक एवढीच ओळख देणे अपुरे आहे. त्याचप्रमाणे, आंबेडकरांचे एके काळचे आदर्श, एवढे सांगून निवडणुकीचा प्रसंग झाकून टाकणेही योग्य नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच माणसाच्या आहेत.

बाळू पालवणकर यांचे ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निधन झाले. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा संसदेने त्याच वर्षी संमत केला होता. पुढच्या वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. आंबेडकर यांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बाळूंचे उत्तर पूर्ण झाले नव्हते आणि आंबेडकरांचेही. तुमच्या गावच्या माळावर संध्याकाळी सामना सुटतो, खेळाडू आपापल्या वस्तीकडे वळतात, तेव्हा हा प्रश्न किती सुटला आणि किती शिल्लक आहे, याचे निरीक्षण तुम्हालाच करता येईल.

सारांश

बाळू पालवणकर हे पुण्याच्या लष्करी वस्तीत वाढलेले चर्मकार समाजातील खेळाडू. महिना तीन-चार रुपयांच्या नोकरीपासून सुरुवात करून त्यांनी हिंदू संघाला युरोपियनांविरुद्ध विजय मिळवून दिले आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. गुणवत्तेमुळे त्यांना संघात स्थान आणि पुढे सहभोजनाचा मान मिळाला; परंतु कर्णधारपद नाकारले गेले. संयुक्त मतदारसंघाचे समर्थक म्हणून त्यांनी १९३२ च्या पुणे करारावर सही केली. १९३७ साली काँग्रेसचे उमेदवार म्हणून त्यांचा डॉ. आंबेडकर यांच्याकडून पराभव झाला. सामाजिक समता सहवासातून येते की हक्कांतून, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्यांच्या चरित्रात दिसतात.

शब्दार्थ

एतद्देशीय : या देशातील. 
सोवळे : धार्मिक शुद्धतेविषयीचे नियम व ते पाळण्याची वृत्ती. 
जातीय निवाडा : १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने निरनिराळ्या समाजांच्या प्रतिनिधित्वाविषयी दिलेला निर्णय. 
संयुक्त मतदारसंघ : ज्यात सर्व समाजांचे मतदार एकत्र मतदान करतात असा मतदारसंघ.

स्वाध्याय

१. बाळू पालवणकर यांच्या क्रिकेटमधील कारकिर्दीचा सुमारे २५० शब्दांत आढावा घ्या.
२. ‘मैदानावर समता आणि मैदानाबाहेर विषमता’ या विधानाची प्रस्तुत चरित्राच्या आधारे चर्चा करा.
३. पुणे करार आणि १९३७ ची निवडणूक यांच्या संदर्भात पालवणकर व आंबेडकर यांच्या भूमिकांतील फरक स्पष्ट करा.

उपक्रम

तुमच्या गावातील किंवा परिसरातील एखाद्या जुन्या खेळाडूची भेट घ्या. त्याच्या काळी संघ कसा निवडला जाई, कर्णधार कोण ठरवी आणि सामन्यानंतरचे खाणेपिणे कोठे होई, याची माहिती मिळवा. त्या व्यक्तीची संमती घेऊन दोन पृष्ठांचा चरित्रात्मक लेख लिहा आणि तो आपल्या अभ्यासकेंद्रातील संपर्कसत्रात वाचून दाखवा.